पाचशेची किक

पान्याचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचं. दादा मोटरसायकलच्या शर्यतींत उतरायला लागला तेव्हापासून हा धाकटा भाऊ हातात पाना घेऊन त्याच्या मागे उभा असायचा. मैदानावर कुणीतरी त्याला पान्या म्हटलं आणि ते नाव त्याला जे चिकटलं ते कायमचं. आता चाळिशी ओलांडली होती, केस पिकायला लागले होते, दूध साठवायच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात तो वेल्डर होता. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला तो असा टाका घालायचा की वरून बोट फिरवलं तर जोड कुठे आहे ते सापडू नये. पण दादाच्या घराची पायरी चढला की तो पुन्हा पान्याच व्हायचा. दादानं न बघता हात मागे केला की त्या हातात काय ठेवायचं, हे त्याला न सांगता कळायचं.

दादा पळवायचा ती गाडी पाचशे सीसीची, टू-स्ट्रोक. एकच सिलिंडर, पण बादलीएवढा. चिखलात, वाळूत, टेकडीच्या चढावर ती अशी सुटायची की बाकीच्यांना तिचा निळा धूर तेवढा दिसावा. तिला चालू करायला बटण नव्हतं. किक मारायची, आणि तीही सगळं अंग घालून. जरा कमी पडली तर इंजिन उलटी लाथ मारायचं. तिनं मैदानावरच्या भल्याभल्यांना लंगडायला लावलं होतं. भिंगरी म्हणून दादाचा एक जुना प्रतिस्पर्धी होता, वळणावर गाडी जागच्या जागी फिरवायचा म्हणून भिंगरी, तोसुद्धा म्हणायचा, "तुझी गाडी चालवीन एक वेळ, चालू करणार नाही." दादा मात्र खिशातला रुमाल काढावा इतक्या सहज उभा राहून एक किक मारायचा, आणि गाडी चालू. लोक शर्यतीइतकेच त्या किककडे बघत.

मग एका उडीनंतर गाडी खड्ड्यात उतरली. पुढचं चाक दुमडलं, फ्रेम वाकली, आणि दादाचा उजवा गुडघा गाडी आणि दगड यांच्यामध्ये सापडला. गुडघ्यात सळई घातली, पाय वाचला, पण तो पुरता वाकेना. फ्रेम भंगारात गेली. इंजिनाला ओरखडासुद्धा आला नव्हता. दादानं ते घरामागच्या शेडमध्ये टेबलावर ठेवलं, वर जुनी चादर घातली आणि स्पेअर पार्टच्या दुकानात गल्ल्यामागे बसायला लागला. गिऱ्हाइकांनी ओळखलं की त्याला राग यायचा, नाही ओळखलं की जास्त राग यायचा. घरी आला की खुर्चीत बसायचा, ते जेवायलाच उठायचा. वहिनीशी बोलायचं तर मीठ कमी आहे एवढंच.

वहिनी औषधांच्या दुकानात काम करायची. उभं राहून तिचेही पाय दुखायचे, पण ते कुणी विचारत नव्हतं. एका रविवारी तिनं पान्याला दारातच गाठलं.

"भाऊजी, तेवढं इंजिन घेऊन जा हो. विका, फेका, काहीही करा. हे रोज शेडमध्ये जातात, चादर उचलतात, बघतात आणि पुन्हा झाकतात. घरात मढं ठेवल्यासारखं वाटतं मला."

"बघतो वहिनी," पान्या म्हणाला.

त्यानं बघितलं ते वेगळंच. कारखान्याच्या वाटेवर भंगारवाल्याच्या आवारात एक डर्ट बाइक उभी होती. नव्या पद्धतीची, ॲल्युमिनियमची फ्रेम, उत्तम सस्पेन्शन. फक्त तिचं फोर-स्ट्रोक इंजिन आतून फुटलेलं. पान्या तिच्याभोवती दोनदा फिरला, खाली वाकून वेल्ड पाहिले, आणि त्याच्या डोक्यात किडा वळवळला. पुढच्या रविवारी दादा खुर्चीत बसलेला असताना तो म्हणाला, "ॲल्युमिनियमची एक फ्रेम मिळतीय. त्यात आपलं पाचशेचं बसेल असं वाटतं."

दादानं कितीतरी महिन्यांनी मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं.

"इंजिनाचे मागचे कान फ्रेमला जुळणार नाहीत," तो म्हणाला.

"बुश करू."

"आणि सायलेन्सर? पुढच्या पाइपावर आदळेल तो."

"कापू. वळवू. माझं कामच आहे ते."

दादा उठला. काठी न घेता शेडपर्यंत गेला आणि त्यानं चादर काढली ती घडी न करता कोपऱ्यात फेकली. वहिनी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती. पान्या पाणी प्यायला आत आला तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, "मी तुम्हाला ते बाहेर काढायला सांगितलं होतं. चालू करायला नाही."

पान्याला वाटलं, तिला कळलं नाही. कळेल हळूहळू.

आणि पुढचे काही महिने वहिनीलासुद्धा आपलंच चुकलं असं वाटावं असे गेले. दर रविवारी पान्या सकाळी यायचा तर दादा आधीच दाढी करून शेडमध्ये. भंगारातून आणलेली गाडी त्यांनी पार उघडी केली. फुटलेलं इंजिन काढलं आणि त्या रिकाम्या पोटात पाचशेचं इंजिन दोरीनं टांगून बघितलं. कुठेच काही बसत नव्हतं. मागच्या चाकाला धरणाऱ्या दांड्याचा बोल्ट इंजिनाच्या मागच्या कानांतून जायला हवा; फ्रेमचं भोक मोठं, इंजिनाचं लहान. पान्यानं कारखान्यातल्या लेथवर तो फरक भरून काढणारे, पायऱ्या असलेले बुश काढून आणले. पुढच्या बाजूला फ्रेमची पट्टी आडवी येत होती, ती कापावी लागली. ग्राइंडर थांबल्यावर दादा म्हणाला, "आता माघार नाही रे पान्या," आणि हसला.

सायलेन्सरनं सगळ्यात जास्त रडवलं. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर म्हणजे नुसता पाइप नसतो. मध्ये गरोदर बाईच्या पोटासारखा फुगतो आणि पुन्हा बारीक होतो, आणि त्या फुगण्या-निमुळतं होण्यातच इंजिनाची ताकद असते. तो फ्रेमच्या पुढच्या पाइपाला वळसा घालून न्यायचा होता. दादानं पुठ्ठ्याचे तुकडे कापून, चिकटपट्टीनं जोडून त्याचा नमुना केला. पुठ्ठ्याचा सायलेन्सर गाडीला लावून दोघं त्याच्याकडे असे बघत बसले की वहिनी चहा घेऊन आली आणि म्हणाली, "बारसं कधी आहे?" दादा मनापासून हसला. पान्यानं त्या नमुन्यावरून पत्र्याचे काप काढले, एकेक जोडला. दादा प्रत्येक टाक्यावर अंगठा फिरवायचा. शाबास म्हणत नसे, पण अंगठा फिरवायचा. पान्याला तेवढं आठवडाभर पुरायचं.

मग चेनची रेषा जुळवायचं काम आलं. पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, आणि मागचं स्प्रॉकेट एका ओळीत यायचं तर इंजिन जरासं बाजूला आणि बरंचसं वर सरकवावं लागत होतं. खाली ठेवलं तर चेन मागच्या दांड्याला घासत होती. त्या दिवशी वहिनीनं हाक मारली म्हणून दादा आत गेला, आणि पान्यानं सहज किकचा दांडा बसवून हातानं वर फिरवला. दांड्याचं टोक जिथे येऊन थांबलं तिथे त्याची नजर अडकली. गाडी मुळात उंच, त्यात इंजिन वर गेलेलं. किकवर पाय ठेवायचा तर गुडघा जवळजवळ छातीपर्यंत उचलायला लागणार होता, आणि तोही उजवा.

तो बराच वेळ दांडा धरून उभा राहिला. इंजिन धरणारे सगळे माउंट तोडून नव्यानं करावे लागले असते. नाहीतर ही फ्रेमच सोडून द्यावी लागली असती. आतून दादाचा आवाज येत होता. वहिनीला काहीतरी सांगून तो तिला हसवत होता. त्या घरात तो आवाज पान्यानं किती दिवसांनी ऐकला होता. त्यानं दांडा काढला आणि फडक्यात गुंडाळून ठेवला.

नुसतं दादाचं मन मोडू नये म्हणून तो गप्प बसला असंही नाही. मीच मारीन किक, असं त्याच्या मनात आलं. दादा वर बसेल, मी किक मारीन. नेहमीसारखं. त्याला ते वाईट वाटलं नाही, उलट बरंच वाटलं.

गाडी उभी राहिली. पेट्रोलमध्ये तेल मिसळून टाकी भरली. दादा म्हणाला, "तू मार किक. मी थ्रॉटलवर हात ठेवतो, आवाज ऐकतो." पान्यानं विटेवर उभं राहून किक मारली. तिसऱ्या खेपेला ती अशी गरजली की शेडचे पत्रे थरथरले आणि शेजारच्यांनी खिडक्या लावल्या. दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. धुरानं, असं तो म्हणाला. त्यानंतर दर रविवारी कार्ब्युरेटर लावायला, क्लच बघायला गाडी चालू व्हायची, आणि दर वेळी किक पान्याची. दादानं एकदाही किकवर पाय ठेवला नाही आणि पान्यानं एकदाही ठेव म्हटलं नाही. दोघांनाही माहीत होतं, आणि दोघंही मूग गिळून बसले.

गावाबाहेर दगडाची एक बंद पडलेली खाण होती. तिच्या तळाशी वाळू, बाजूला चढ-उतार. जुने शर्यतवाले सुट्टीच्या दिवशी तिथे गाड्या फिरवायला जमत. दादा इतकी वर्षं तिकडे फिरकला नव्हता. आता त्यानं स्वतः एकेकाला फोन करून बोलावलं. "या. माझं पाचशेचं परत आलंय."

सकाळी सगळे जमले. भिंगरी आला होता, पोट सुटलेला, पण चाल तशीच ऐटीत. लोक गाडीभोवती जमले, माउंट बघितले, सायलेन्सरच्या वळणावर हात फिरवले. पान्या मागे पान्यांच्या पेटीजवळ उभा राहून ऐकत होता. दादानं बूट चढवले, हेल्मेट घातलं. पान्या पुढे झाला आणि हळूच म्हणाला, "चालू करून देतो."

दादानं हातानंच त्याला थांबवलं. "माझी गाडी आहे."

तो गाडीच्या बाजूला उभा राहिला. उजवा पाय उचलला. पाय किकपर्यंत पोचला नाही. त्यानं हातानं मांडी धरून पाय वर ओढला, बुटाचं टोक कसंबसं दांड्यावर टेकवलं आणि अंग टाकलं. इंजिन फुसफुसलं. पुन्हा. तिसऱ्या वेळी इंजिनानं उलटी लाथ मारली, पाय उडाला, आणि दादा गाडीसकट आडवा होता होता जवळच्या दोघा जणांनी त्याला धरलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर परवडलं असतं. सगळे दुसरीकडे बघायला लागले, कुणी आपल्याच गाडीची चेन तपासायला लागला.

शेवटी भिंगरी म्हणाला, "अरे, धाकट्याला मारू दे ना. त्यात काय एवढं?"

दादा बाजूला झाला. पान्याला वाटलं, मुद्दाम दोन-तीन किक चुकवाव्यात. पण हाताला आणि पायाला खोटं येत नव्हतं. त्यानं दगडावर उभं राहून किक मारली आणि गाडी पहिल्याच किकला चालू झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या कशासाठी होत्या देव जाणे, पण हेल्मेटमधून दिसणारे दादाचे डोळे पान्यानं पाहिले आणि त्याला वाटलं, आपण चोरी करताना सापडलो.

दादा गाडीवर बसला, आणि गाडी सुटली. एक चक्कर अशी मारली की सगळे बघतच राहिले. पाय गेला होता, हात तेच होते. चढावर पुढचं चाक हवेत, उतारावर मागचं चाक वाळूत रेघ ओढत. भिंगरी स्वतःशीच म्हणाला, "आयला, हा अजून आहे की." मिटलं सगळं, असं पान्याला वाटलं.

दुसऱ्या चकरेला खाणीच्या पार टोकाला, खोलगटात, दादा वळायला गेला. वेग कमी झाला, क्लच दाबायला किंचित उशीर झाला आणि इंजिन बंद पडलं. उतार असता तर ढकलून चालू केली असती. पण तिथे घोट्याएवढी वाळू होती आणि चहूबाजूंनी चढ. इंजिनाचा आवाज थांबल्यावर खाण एकदम फार मोठी वाटायला लागली. दादा गाडीवरून उतरला. किककडे त्यानं बघितलंही नाही. हेल्मेट काढून हातात धरलं आणि गाडीशेजारी नुसता उभा राहिला.

"जा रे," कुणीतरी पान्याला म्हणालं.

पान्या निघाला. वाळूत पाय रुतत होते, पळता येत नव्हतं, आणि पळावं की नाही तेही कळत नव्हतं. वरून सगळे बघत होते. दादा त्याच्याकडे बघत होता. ते अंतर संपता संपेना.

जवळ गेल्यावर दादा म्हणाला, "तुला माहीत होतं."

पान्या किककडे वळला.

"इंजिन वर घेतलंस तेव्हाच माहीत होतं तुला. किक कुठे येणार ते तू मोजलं नसशील? तू? पत्र्याचा तुकडा न मोजता कापत नाहीस."

"चेन घासत होती दादा. दुसरा इलाज नव्हता."

"मला सांगायचं होतंस."

"तू खूश होतास."

"मी खूश होतो," दादा म्हणाला. आवाज अगदी साधा होता, त्यामुळेच तो जास्त लागला. "आयुष्यभर माझ्यामागे पाना धरून उभा राहिलास, त्याचा वचपा काढलास. आता मी गाडीवर बसायचं तर आधी तुझ्याकडे बघायचं. चार माणसांत दाखवलंस."

"दादा, असं नाही रे. माझ्या मनात तसं..." पान्या थांबला. शेडमध्ये किकचा दांडा धरून उभा असताना आपल्याला बरं वाटलं होतं, हे त्याला नेमकं त्याच क्षणी आठवलं. पुढचं वाक्य तोंडातून निघेना.

दादानं ते न निघालेलं वाक्य ऐकलं. मान हलवली. "मार किक," तो म्हणाला.

पान्यानं किक मारली. दादा गाडी घेऊन लोकांकडे गेला नाही. दुसऱ्या वाटेनं खाणीबाहेर पडला. पान्या पुन्हा तेवढीच वाळू तुडवत चालत परत आला.

पुढच्या आठवड्यात पान्यानं कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत नवा दांडा बनवला. मध्ये सांधा दिलेला, खालून पाय टेकवता येईल असा. सीटचा फोम कापून उंची कमी करायचाही बेत केला. रविवारी ते सगळं पिशवीत घालून तो दादाकडे गेला. शेड उघडी होती आणि टेबल रिकामं होतं. गाडी नव्हती. पान्यांची पेटी मात्र दाराजवळ आणून ठेवलेली होती, न्यायला सोपी पडावी तशी.

वहिनी बाहेर आली. तिनं आत या म्हटलं नाही.

"भिंगरीभाऊजींना देऊन टाकली. तशीच. एक पैसा घेतला नाही."

"दादा कुठाय?"

"आहेत आत." तिनं मागचं दार ओढून घेतलं. "भाऊजी, रविवारचं येऊ नका काही दिवस. तुमचा आवाज आला तसे ते उठून दुसऱ्या खोलीत गेले, मला वाईट वाटतं."

"मी त्याच्यासाठीच केलं वहिनी."

"माहितेय मला. म्हणून तर मी नको म्हणत होते." मग तिनं त्याच्या हातातली पिशवी पाहिली, पण तीत काय आहे ते विचारलं नाही. पूर्वी दादा खुर्चीत बसायचा. आता खुर्चीतही बसत नाही, पलंगावर पडून असतो, एवढं तिनं सांगितलं. तिच्या आवाजात राग नव्हता.

काही दिवसांचे काही महिने झाले. एका नातेवाइकाच्या लग्नात दोघं भाऊ मांडवाच्या दोन टोकांना बसले. लोकांनी फोटोसाठी शेजारी उभं केलं तेव्हा दादानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, फोटो निघाला, हात निघाला.

मग एका दुपारी कारखान्याच्या फाटकात टेम्पो उभा राहिला. भिंगरी होता, मागे गाडी बांधलेली. इंजिनाच्या वरच्या बाजूला फ्रेमशी जोडणारी पट्टी तडकली होती. "दणके किती बसतात बघतोस ना," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाकडे नेली तर तो म्हणाला, ज्यानं केलंय त्याच्याकडेच न्या."

पान्यानं तडा बोटानं चाचपला. टाका धरून होता, शेजारचा धातूच फाटला होता. जाड पट्टी घालायला हवी होती. त्यानं ग्राइंडर लावला.

भिंगरी बाजूला उभा राहून बोलत होता. "गाडी मात्र अफलातून जमवली तुझ्या दादानं. पुठ्ठ्याचे नमुने काय, चेनची रेषा काय. सांगत होता मला सगळं. टाके तेवढे भावाचे, म्हणाला. आणि किकचं तेवढं त्यानं बिघडवलं, नाहीतर दिली नसती म्हणाला."

पान्यानं वेल्डिंगची काच डोळ्यांवर ओढली. "टाके माझेच आहेत," तो म्हणाला.

काम झालं. पट्टी गार झाली. भिंगरीनं अंगठा न फिरवता, नुसतं लांबून पाहून "वा" म्हटलं. मग टेम्पोच्या दाराशी घुटमळला.

"खरं सांगू का? मला फुकटात घेतल्यापासून बरं वाटत नाही. तुला हवी तर ठेव. तुझ्या हातची आहे. तूच फिरव सुट्टीच्या दिवशी."

फाटकावरचा पहारेकरी, दोन-तीन कामगार, सगळे गाडीकडे बघत होते. पान्यानं हातमोजे काढले.

"मला चालवता येत नाही," तो म्हणाला.

भिंगरीला ती थट्टा वाटली. "चल, काहीतरीच."

"खरंच येत नाही. कधी बसलोच नाही." मग गाडी टेम्पोत चढवायला त्यानं मागून हात लावला, दोऱ्या ताणून बांधल्या, गाठी तपासल्या, आणि कारखान्याचा भोंगा वाजायच्या आत आपल्या दुधाच्या टाकीपाशी परत गेला.